साबणाचा वाळका तुकडा

आधी हिशेब सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी विचारायला नको. शंभर ग्रॅमची वडी झिजत झिजत हातातून निसटायला लागते तेव्हा तिचं वजन आठ-दहा ग्रॅम उरलेलं असतं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून बघितलंय. चाळीस रुपयांच्या वडीतले ते तीन-चार रुपये. चार माणसांच्या घरात महिन्याला तीन-चार वड्या संपल्या असं धरलं, तरी वाचून वाचणार ते दहा-पंधरा रुपये. एक चहा. तेव्हा साबणाचे तुकडे जपून कुणाचा बंगला उभा राहील असं मी म्हणत नाही. मी ते ठेवते कारण मला ते लागतात. मी घरी ब्लाउज शिवते, आणि डब्यात साबणाचा कडक वाळलेला तुकडा नसला की काळ्या कापडावर खूण करायची म्हणजे माझी पंचाईत होते.

‘उरलेल्या साबणाचे उपयोग’ म्हणून जे व्हिडिओ फिरतात ते बहुतेक सगळे किसणी आणि उकळत्या पाण्यापासून सुरू होतात. तुकडे किसा, पाण्यात घाला, बाटलीत भरा. मला विचाराल तर तिथंच सगळं चुकतं. उरलेल्या साबणाला पाण्यापासून लांब ठेवायचं असतं. ओल्या तुकड्याने फार तर दोन वेळा हात धुऊन होतील. तोच कडक वाळला की त्याने रेघ मारता येते, लाकडाला आणि लोखंडाला वंगण देता येतं, सुई सरसर चालवता येते. हे सगळं कोरडं काम आहे.

वाळवायचं कसं, याला फार अक्कल लागत नाही. माझ्याकडे दांडा तुटलेली चहाची जुनी गाळणी आहे, ती बाथरूमच्या खिडकीच्या गजाला अडकवलेली आहे. तुकडा फार बारीक झाला की त्या गाळणीत. आम्ही सोलापूरला राहतो, त्यामुळे एप्रिल-मे महिन्यात तिसऱ्या दिवशी तुकडा खडखडीत होतो. माझं माहेर राजापूरकडचं. तिथं आषाढ-श्रावणात साबण वाळवायचा म्हटलं तर साबणालाच घाम फुटेल. तिकडच्यांनी सरळ चुलीच्या वर, फडताळात ठेवावा. कारखान्यातून आलेल्या नव्या वडीतसुद्धा दहा टक्क्यांच्या वर पाणी असतं, आणि आपण रोज वापरून त्यात भर घालतो. ते पाणी निघून गेल्याशिवाय साबण कडक होत नाही.

आणि सगळे साबण सारखे वाळत नाहीत. वेष्टनावर बारीक अक्षरांत टीएफएम म्हणून एक आकडा असतो, तो वाचायची मला सवय लागली आहे. वडीत चरबीचा म्हणजे खऱ्या साबणाचा अंश किती टक्के, ते त्यावरून कळतं. ७६ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर ग्रेड १, ७० पर्यंत ग्रेड २, ६० पर्यंत ग्रेड ३. त्याच्या खालचा ‘बेदिंग बार’. ग्रेड १ चा तुकडा वाळून नीट टणक होतो, चाकूने तासला तर धार धरतो. क्रीमवाले मऊ साबण शेवटाला आले की चिखल होतात आणि वाळल्यावरही बोटाला ओशट लागतात. त्यांच्या नादी लागू नये. पारदर्शक साबणाची रेघ कापडावर दिसतच नाही. रंगीत साबण पांढऱ्या कापडावर चालवायची छाती मला तरी झालेली नाही. पांढरा, साधा, चांगल्या ग्रेडचा, एवढं बघितलं की झालं.

आता शिवणाचं सांगते, कारण त्यातच या तुकड्याचं खरं मोल आहे.

डिसेंबर संपत आला की माझ्याकडे काळ्या ब्लाउजपिसांची रीघ लागते. संक्रांतीला सगळ्यांना काळी साडी हवी, त्यावर काळा ब्लाउज हवा, शिवाय तो चौदा तारखेच्या आत हवा. काळ्यावर पेन्सिल दिसत नाही. पेनाने खूण करणाऱ्या शिंपिणीच्या हातात मी तरी कापड देणार नाही. उरला खडू. मातीचा खडू काळ्यावर दिसतो छान, पण मुंढ्याची गोलाई काढताना त्याची भुकटी होते आणि कापड उचललं की अर्धी खूण गळून पडते. मेणाचा खडू टिकतो, पण खुणेवरून चुकून गरम इस्त्री फिरली की मेण वितळून कापडात बसतं आणि तेलकट डाग राहतो. साबणाचं तसं नाही. त्याची रेघ बारीक येते, कापड उलटसुलट केलं तरी राहते, आणि पहिल्या धुण्यात जाते. जाणारच, तिचं कामच ते.

तुकड्याची एक कड मी ब्लेडने तिरकी तासून घेते. लांब रेघांना, म्हणजे पाठीची मधली घडी, बाहीची उंची, शिलाईची माया सोडायची रेघ, यांना ती धार चालते. टक्सचं टोक दाखवायचं असेल तर तुकड्याचा कोपरा. कापड पाटावर ताणून धरायचं आणि साबण ओढायचा, दाबायचा नाही. दाबला की मऊ कापड साबणाबरोबर सरकतं आणि गळा एका बाजूला पाव इंचाने मोठा होतो. धार बोथट झाली की पुन्हा दोनदा ब्लेड फिरवायचं. तासताना जो भुगा पडतो तोही मी एका कागदावर झेलते. त्याचं काय करते ते पुढे येईल.

खणाला हे फारच उपयोगी पडतं. गुळेदगुडचा खण अंगाने दाटसर असतो, त्यावर बारीक ठिपक्यांची वीण, त्यात मातीचा खडू मारला तर खूण कुठली आणि ठिपका कुठला हे संध्याकाळच्या उजेडात कळत नाही. साबणाची ओळ जरा चकाकते, त्यामुळे तिरकं धरून बघितलं की सापडते. पैठणीला आणि कुठल्याही जरीच्या रेशमाला मात्र साबण लावायचा नाही. ती खूण जायला पाणी लागतं, आणि रेशमावर पाण्याचा थेंब पडला तर थेंबाचाच डाग. रेशमाला मी दोऱ्याचे कच्चे टाके घालते. वेळ जातो, जाऊ दे.

जाड कापडाला सुई जात नसेल, उदाहरणार्थ पडद्याच्या दुहेरी शिवणीला किंवा नातवंडांच्या गोधडीला, तर सुई वाळक्या साबणात एकदा खुपसून काढायची. पुढचे बरेच टाके विनातक्रार जातात. सासूबाई तर साबणाची अख्खी वडी चिंधीत गुंडाळून तिच्यातच सुया टोचून ठेवायच्या. ते मी बंद केलं. पावसाळ्यात साबण हवेतलं पाणी ओढतो आणि सुया गंजतात. “अगं, आमच्या वेळी नव्हत्या गंजत,” असं त्या म्हणायच्या. असेल. त्यांच्या वेळच्या सुया चांगल्या असतील.

चेन अडकली तरी हाच तुकडा. दप्तराची, पँटची, प्रवासी बॅगेची. चेन पूर्ण लावून घ्यायची, दातांवर दोन्ही बाजूंनी साबण घासायचा आणि मग हळूहळू खाली-वर करायची. आधी तेल लावू नका. तेलाने चेन चालते, पण धूळ धरते आणि कापडाला डाग देते.

सुतारांना हे सगळं पूर्वीपासून ठाऊक आहे. आमच्याकडे दिवाणाचे खण बसवायला जे मिस्त्री आले होते त्यांच्या पत्र्याच्या पेटीत खिळ्यांच्या शेजारी लाइफबॉयचा वाळका तुकडा होता. सागवानात पितळी स्क्रू फिरवायच्या आधी ते स्क्रूचे आटे त्यावर घासायचे. न घासता फिरवला तर स्क्रूचं डोकं चिरतं; पितळ मऊ असतं ना. करवत अडकायला लागली की पात्यालाही तोच. मी म्हटलं, मग लोखंडी स्क्रूलाही लावता का? तर म्हणाले, “घरातल्या कामाला लावतो वहिनी, पण बाहेरच्या दाराला, गेटला नाही. साबण ओल धरतो, आत स्क्रू सडतो. तिथं मेणबत्ती.” हे वाक्य मी कायमचं लक्षात ठेवलंय, कारण व्हिडिओत हे कुणी सांगत नाही. लाकडी ड्रॉवर ओढताना कुरकुरत असेल तर तो पूर्ण बाहेर काढून खालच्या दोन्ही कडांना साबण घासायचा. राजापूरच्या घरात पावसाळ्यात दारं फुगून चौकटीत रुतायची, तेव्हा वडील रंधा मारायच्या आधी साबण मारून बघायचे. रंध्याने काढलेलं लाकूड परत येत नाही; उन्हाळ्यात त्याच दाराला फट पडते.

बांगड्या भरताना साबण लागतो हे तर सगळ्या बायकांना माहीत आहे, पण तिथं ओला लागतो, हा पहिला अपवाद. लग्नाचा हिरवा चुडा भरायला कासार येतो तेव्हा तो बोटांची मोट बांधून, अंगठ्याचं हाड आत दाबून काचेची बांगडी अशी काही सरकवतो की बघत राहावं. हाताला भरपूर फेस असतो. माझ्या भाचीच्या वेळी तिचा हात जरा जाडसर म्हणून आधी प्लॅस्टिकची पातळ पिशवी हातावर चढवली आणि वर साबण लावला. एकही बांगडी वाढवली नाही. बोटात अंगठी रुतून बसली तरी हाच उपाय: हात थोडा वेळ वर धरायचा, म्हणजे सूज उतरते, मग साबण लावून गोल फिरवत काढायची. ओढायची नाही.

नथीचं विचारणार असाल तर, मोत्यांना साबणाच्या पाण्यात भिजवू नका. सोन्याचं मंगळसूत्र जुन्या टूथब्रशने कोमट साबणपाण्यात धुतलं तर चालतं, पण मोत्यांची चकाकी जाते आणि ते ओवलेले असतील तर दोराही कुजतो. मोती मऊ, जरा ओलसर फडक्याने पुसायचे. झालं.

मोत्यांवरून मोती साबण आठवला. दिवाळीत नरकचतुर्दशीला उटण्याबरोबर तो गोल गरगरीत साबण आमच्याकडे अजून लागतो. पूर्वी टाटांच्या ऑइल मिलचा होता, १९९३ च्या सुमारास ती कंपनी हिंदुस्तान लिव्हरमध्ये गेली तेव्हा त्यांचा झाला. मुलांच्या हातात मावत नाही, त्यामुळे दिवाळीची आंघोळ म्हणजे निम्मा वेळ साबण पडण्यात आणि शोधण्यात. भाऊबीज झाली की आम्ही उरलेला बाजूला काढतो. रोजच्या वापराला तो कुणाला नकोच असतो. तो आणि म्हैसूर सँडल, हे दोन साड्यांच्या कपाटात जातात. म्हैसूर सँडलचा मला जरा जास्तच अभिमान आहे, उगाचच, आमचं गाव कर्नाटकच्या हद्दीला लागून म्हणून असेल. १९१६ साली म्हैसूर संस्थानाने बंगळूरला तो कारखाना काढला आणि चंदनाचं तेल आपल्याच राज्यातलं वापरलं. त्याचा तुकडा वाळला तरी वास सोडत नाही. मलमलच्या चिंधीत दोन-तीन तुकडे बांधायचे आणि फळीच्या कोपऱ्यात ठेवायचे, साडीच्या घडीत घालायचे नाहीत. जरीला साबण टेकला तर ती काळवंडेल ही भीती मला वाटते, आणि ती भीती बाळगण्यात काही नुकसान नाही. एक मात्र स्वच्छ सांगते: यानं वास येतो, कसर थांबत नाही. कसरीला साड्या उलगडून उन्हाला दाखवणं आणि घड्या बदलणं हेच लागतं. “साबण ठेवला की किडे येत नाहीत” हे मी बऱ्याच जणींकडून ऐकलं, आणि त्यातल्या एकीची नारायणपेठ कसरीने खाल्लेली मीच रफूला घेतली होती.

किड्यांवर साबण चालतो तो झाडांवरच्या. आमच्या गच्चीत तांबड्या जास्वंदीच्या दोन कुंड्या आहेत आणि दरवर्षी त्यांच्यावर पिठ्या ढेकूण येतो. शेंड्याच्या कोवळ्या पानांच्या बेचक्यात कापूस चिकटवल्यागत पांढरं दिसायला लागतं, पान मुरडतं, कळी उमलायच्या आधी गळते. काडीने तो कापूस बाजूला केला की आत गुलाबीसर, चपटे, पीठ भुरभुरवलेले किडे हळूहळू हलताना दिसतात. त्यांच्या आजूबाजूला मुंग्यांची ये-जा असते, कारण ते किडे जो गोड चिकटा सोडतात तो मुंग्यांना हवा असतो. मुंग्याच त्यांना एका फांदीवरून दुसरीवर नेतात. अशा वेळी ब्लाउजच्या खुणेसाठी साबण तासताना झेललेला तो भुगा कामाला येतो. एक लिटर पाण्यात साधारण पाच ग्रॅम, म्हणजे लहान चमचाभर भुगा, कोमट पाण्यात आधी विरघळवून, फडक्याने गाळून फवाऱ्याच्या बाटलीत. हवं तर पाच मिली कडुलिंबाचं तेल घालावं. तेल एरवी पाण्यात मिसळत नाही, साबणामुळे मिसळतं.

इथं दोन गोष्टींकडे बघायचं. पाणी बोअरचं घेऊ नका. आमच्याकडे नळाला पाणी नसतं त्या दिवशी बोअरचं वापरतो, आणि त्यात साबण घातला की फेस न येता पांढरी साय धरते. बोअरच्या पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरून खाली बसवतं, मग किड्यासाठी काही उरतच नाही. बादलीच्या कडेला जो राखाडी थर चिकटतो तो हाच. फवारणीला नळाचं किंवा पावसाचं पाणी. दुसरं, साबण म्हणजे अंगाचा साबण. कपड्यांची निळी-हिरवी वडी किंवा पावडर हा डिटर्जंट असतो, त्यानं पानं करपतात. फवारा संध्याकाळी मारायचा, पानांच्या खालूनही, किड्याच्या अंगावर पडेल असा. साबण किड्याला भिजवूनच मारतो, पानावर वाळल्यावर त्याची काही ताकद राहत नाही. सकाळी साध्या पाण्याने झाड धुवायचं आणि आठवड्याने पुन्हा मारायचं. गुलाबावरच्या माव्यालाही हेच. आधी एका पानावर मारून एक दिवस बघा, झाडाला मानवतंय का ते.

आणखी एक ओलं काम आहे, आणि ते बाकी सगळ्यांपेक्षा महत्त्वाचं. नवीन सिलिंडर लावलं की वाटीत जरासा साबण घोळवून फेस करायचा आणि रेग्युलेटरच्या भोवती, नळीच्या दोन्ही टोकांना बोटाने लावायचा. गॅस गळत असेल तर तिथं बुडबुडे फुगतात. काडी ओढून बघणारे महाभाग अजून आहेत, म्हणून लिहिते. बुडबुडे दिसले तर रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, दिव्याचं बटण चालू-बंद काहीच करू नका, आणि बाहेर जाऊन १९०६ ला फोन करा. हा गॅसगळतीसाठीचाच नंबर आहे.

आता व्हिडिओतल्या त्या किसून-उकळून केलेल्या हँडवॉशकडे येते. माझ्या नणंदेनं मोठ्या हौसेनं केला. तुकडे किसले, पातेलंभर पाणी उकळलं, रंगीत बाटल्यांत भरून आम्हा सगळ्यांना दिवाळीला एकेक दिली. गरम असताना पातळ होता, दुसऱ्या दिवशी खळ झाली, चौथ्या दिवशी खाली पाणी वर गोळा. बाटलीचा पंप दाबला की आधी काही नाही, मग एकदम भस्सकन. यात नणंदेचा काही दोष नाही. वडीचा साबण कॉस्टिक सोड्याने करतात आणि सोड्याचा साबण थंड पाण्यात घट्ट होतो. त्याचा तो स्वभावच आहे. पातळ साबण करायचा तर कॉस्टिक पोटॅश लागतो, आणि दुकानातल्या बहुतेक हँडवॉशमध्ये तर साबण नसतोच, निराळीच फेसाची रसायनं असतात. शिवाय त्यात टिकाऊपणासाठी काहीतरी घातलेलं असतं, आपल्यात नसतं. त्यामुळे घरचा बनवलेला आठ-पंधरा दिवसांत वास मारतो. करायचाच असेल तर लहान वाटीभर करा, आठवड्यात संपवा, आणि कुणाला भेट देऊ नका.

किसलेला साबण वितळवून नवी वडी पाडायचंही असंच. साबण मेण नाही, तापवला तरी धड वितळत नाही, लगदा होतो. तो श्रीखंडाच्या डब्यात थापून महिनाभर वाळवला तर ओबडधोबड वडी मिळते. गॅस जळतो तो वेगळा.

त्यापेक्षा सोपं म्हणजे जुना तुकडा नव्या वडीला चिकटवणं, आमच्या घरी तेच होतं. दोन्ही चांगले ओले करून, फेस येईपर्यंत एकमेकांवर घासून, मग दाबून रात्रभर ठेवायचे. सकाळी आंघोळीला लगेच घेतलं तर सुटतात, म्हणून हे रात्री सगळ्यांच्या आंघोळी-हातपाय झाल्यावर करायचं. वडीच्या ज्या अंगाला कंपनीचं नाव खोलगट कोरलेलं असतं तिथं तुकडा अचूक बसतो. तुकडा खडखडीत वाळलेला मात्र नको, तो चिकटत नाही. इथं आमच्या ह्यांच्यात आणि माझ्यात रोजचा वाद, कारण त्यांना चिकटवायला ओला हवा आणि मला खुणेला वाळका. सध्या तह असा आहे की पांढरे माझे, बाकीचे त्यांचे.

लेकीला हे चिकटवलेलं बघून किळस येते. “आई, सगळ्यांचे जंतू त्याच्यावर!” तिला मी सांगितलं की १९८८ साली अमेरिकेतला एक अभ्यास छापून आला होता. त्यात साबणाच्या वड्यांना मुद्दाम जंतू लावले आणि १६ जणांना त्याने हात धुवायला दिले. नंतर एकाच्याही हातावर ते जंतू मोजण्याइतके सापडले नाहीत. अभ्यास साबण करणाऱ्यांच्याच माणसांनी केला होता, हेही तिला सांगितलं, नाहीतर तिनंच शोधून काढलं असतं. तरी घरात कुणाला गजकर्ण किंवा खरूज असेल तर त्याचा साबण, टॉवेल वेगळा, त्यात तडजोड नाही. आणि साबणदाणीला खाली भोकं हवीत. पाण्यात बसलेला साबण कुणाचाही असो, मलाही नको.

ह्यांच्या कामाच्या दौऱ्यातून हॉटेलचे छोटे साबण येतात. वेष्टन न काढलेले मी पाहुण्यांना ठेवते, वापरून आणलेले सरळ घोसाळ्यात. घोसाळं हे माहेरचं. वेलावरच जून होऊ दिलेलं घोसाळं वाळलं की साल सोलून, बिया झटकून आतली जाळी काढायची, ती अंग घासायला. तिच्या पोकळीत साबणाचे चार-पाच तुकडे कोंबले की वेगळा साबण हातात घ्यावाच लागत नाही, फेसही भरपूर. गावात वेल नसेल तर लसणाच्या जाळीदार पिशवीत भरून तोंडाला गाठ मारा, पायाच्या टाचा घासायला ती बरी पडते. अंगाला मात्र टोचते. वापरून झालं की दोन्ही उन्हात टांगायचं, आणि घोसाळं काळं पडायला लागलं की टाकून द्यायचं. ते जपण्यात अर्थ नाही, वेलावर दुसरं असतंच.

हे सगळं कुठं ठेवायचं, तर झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, झाकणाला दोन भोकं पाडून. प्लॅस्टिकच्या बरणीत ठेवाल तर उंदीर बरणी कुरतडतील, कारण साबण म्हणजे शेवटी तेल-चरबीच, आणि उंदरांना तो खोबऱ्याइतकाच प्रिय. शिवणयंत्राच्या खणात विसरलेल्या तुकड्यावर मी त्यांचे दात बघितलेत. राजापूरला उंदरांच्या जोडीला कावळेही असायचे. विहिरीच्या काठावर साबण ठेवून पाणी ओढायला वळलं की कावळा वडी उचलून समोरच्या फणसावर. खालून कितीही ओरडा, खडे मारा, तो आपला टोचत बसणार. दोन-तीन दिवसांनी ती झाडाखाली पडलेली सापडायची, चोचीने खड्डे पडलेली, आणि आजी ती उचलून, धुऊन, गोठ्याजवळच्या दगडावर ठेवायची. हात धुवायला.